कांदा चाळीतला ईएसपी एका सेलवर हंगामभर: बोर्डात पाणी कुठं मुरतं आणि काय बदलायचं

तुमच्या प्रश्नाचा गाभा आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. कांदा चाळीतलं तापमान आणि आर्द्रता मोजायला तुम्ही नोडएमसीयू (ईएसपी८२६६ ही वायफायवाली चिप असलेला बोर्ड) आणि डीएचटी११ सेन्सर लावलंय. २२०० एमएएचचा (मिलिअँप-तासांचा) एक १८६५० आकाराचा लिथियम आयन सेल टीपी४०५६च्या चार्जिंग मॉड्यूलमधून बोर्डाच्या 'व्हिन' पिनला दिलाय. दर १५ मिनिटांनी वाचन वायफायवरून घरी येतं. डीप स्लीप (चिपची गाढ झोप) टाकूनही अकरा-बारा दिवसांत सेल बसतो. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा चाळीत पडला की दसऱ्यापर्यंत डबीला हात लावायला लागू नये, अशी तुमची इच्छा आहे. आणि शेवटी विचारलंय, हे सगळं एका पेन्सिल सेलवर चालणार नाही का?

पेन्सिल सेलकडे नंतर येतो. आधी ते अकरा-बारा दिवस पाहू, कारण सगळं उत्तर त्या आकड्यातच आहे.

साडेअकरा दिवस म्हणजे २७६ तास. सेल पूर्ण उतरतो असं धरलं तर २२०० भागिले २७६, सरासरी ८ मिलिअँप. आता वायफायचा वाटा काढा. ईएसपी जागा होतो, राउटर शोधतो, पत्ता घेतो, पाठवतो, झोपतो. साधारण ५ सेकंद आणि सरासरी ८० मिलिअँप धरा. दिवसातून ९६ वेळा. ८० गुणिले ५ भागिले ३६०० म्हणजे प्रत्येक वेळी ०.११ एमएएच, दिवसाला साडेदहा-अकरा एमएएच. २४ तासांवर पसरवला तर हा करंट जेमतेम ०.४५ मिलिअँप भरतो. मग उरलेले साडेसात मिलिअँप कोण पितंय? ईएसपी८२६६ची चिप डीप स्लीपमध्ये २० मायक्रोअँपच्या आसपास घेते, म्हणजे ०.०२ मिलिअँप. तिच्यावर आळ घेता येत नाही.

पाणी मुरतंय बोर्डात. नोडएमसीयूवर ३.३ व्होल्टचा जो रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) असतो तो बहुतेक वेळा एएमएस१११७. तो स्वतःच्या पोटासाठीच ५ मिलिअँप घेतो, काही नमुने त्याहून जास्त. समोर कोणी जेवायला असो वा नसो, याचं ताट वाढलेलंच. त्यात यूएसबीची सीरियल चिप आणि एखादा पेटता एलईडी मिळवा. बोर्डागणिक थोडा फरक पडेल, पण ७-८चा आकडा सहज गाठतो. यूएसबीच्या तारेवर चालवायला हा बोर्ड उत्तम आहे. सेलवर चालवायचा विचार तो बनवणाऱ्याने केलेलाच नव्हता, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

याच रेग्युलेटरचं दुसरं दुखणं जास्त फसवं आहे. एएमएस१११७ला ३.३ व्होल्ट बाहेर काढायचे तर आत त्याहून १.१ ते १.३ व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे ४.४ ते ४.६. तुमचा लिथियम आयन सेल पूर्ण भरला तरी ४.२! म्हणजे पहिल्या दिवसापासून ईएसपीला ३.३ मिळतच नाहीत. सेल ३.७वर आला की पलीकडे २.६ उरतात. ईएसपी८२६६ला किमान २.५ लागतात, आणि वायफाय सुरू होताना क्षणभर ३०० मिलिअँपचा झटका बसतो, तेव्हा तेही टिकत नाहीत. चिप रिसेट होते, पुन्हा जागी होते, पुन्हा वायफाय, पुन्हा रिसेट. अशा वेळी लोक म्हणतात 'सेल संपला'. बाहेर काढून मीटर लावा, ३.६-३.७ दाखवेल. बराच माल आतच असतो.

मी हे शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागून सांगतोय. पूर्वी दोन पेन्सिल सेलवर अॅटमेगा ३२८पी या कंट्रोलर चिपचं एक यंत्र केलं होतं, चिप १.८ व्होल्टपर्यंत चालते असं डेटाशीटमध्ये वाचून निर्धास्त होतो. यंत्र दर वेळी निम्म्या आयुष्यात बंद पडायचं. मी सेलची कंपनी बदलली, मग पुन्हा बदलली, दुकानदाराशी वादही घातला. खरं कारण चिपच्या 'फ्यूज'मध्ये, म्हणजे तिच्या आतल्या कायम सेटिंगमध्ये होतं. याच चिपच्या प्रो मिनी नावाच्या ३.३ व्होल्टच्या बोर्डावर ब्राउनआउटची (पुरवठा कमी पडला की रिसेट करण्याची) पातळी २.७ व्होल्टला लावलेली असते. दोन सेल प्रत्येकी १.३५ला आले की चिप स्वतःला रिसेटमध्ये धरून ठेवते, आणि अल्कलाइन सेलमध्ये तेव्हा बराच जीव शिल्लक असतो. फ्यूज बदलून पातळी १.८ केली आणि घड्याळ ४ मेगाहर्ट्‌झवर आणलं. (८ मेगाहर्ट्‌झला नियमाने २.४ व्होल्ट तरी हवेत.) त्याच कंपनीचे सेल दुप्पट चालले. दुकानदाराची माफी मागायची राहूनच गेली.

तर सेल निवडताना किती एमएएच हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, झोपेत पूर्ण सर्किट (चिप नव्हे, सर्किट) किती घेतं. दुसरा, सर्वात मोठा झटका बसताना चिपच्या पायाशी किती व्होल्ट उरतात.

आता पेन्सिल सेल. अल्कलाइन डबल ए सेल सुरुवातीला दीड व्होल्ट देतो आणि उतरत ०.९पर्यंत जातो. ईएसपीला तो थेट चालणार नाही. मध्ये व्होल्टेज चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर लागेल. असे कन्व्हर्टर आहेत, उदाहरणार्थ एमसीपी१६४० हा ०.६५ व्होल्टवरही सुरू होतो. पण बूस्टमध्ये व्होल्ट चढतात तेवढा सेलकडचा करंट वाढतो, फुकट काही मिळत नाही. ३.३ व्होल्टला ३०० मिलिअँप म्हणजे जवळजवळ १ वॅट. सेल १.२ व्होल्टवर असताना, कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर सेलमधून १ अँपहून जास्त ओढावे लागतील. सेलच्या आतल्या रोधामुळे १.२चे ०.९-१.० होतात, मग तेवढीच शक्ती काढायला करंट आणखी वाढतो, व्होल्ट आणखी पडतात. ही घसरगुंडी सुरू झाली की काही क्षणांत सगळं बसतं. शिवाय एमसीपी१६४० १.२ व्होल्टवरून ३.३ला शंभरेक मिलिअँपच देऊ शकतो. म्हणजे वायफायसाठी हा मार्ग बंद. मूळ ऊर्जाच बघा ना: पेन्सिल सेलमध्ये सुमारे ३ वॅट-तास, तुमच्या १८६५०मध्ये ८.

वायफाय सोडायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. अॅटमेगा आणि एनआरएफ२४एल०१+ हा रेडिओ घेतला (१.९ ते ३.६ व्होल्ट, पाठवताना ११-१२ मिलिअँप), तर एक पेन्सिल सेल आणि बूस्ट आरामात पुरतो. तरी मी दोन सेल सिरीजमध्ये लावून बूस्ट काढून टाकेन. एकच सेल हवा हा हट्ट जागेसाठी असेल तर ठीक. केवळ खर्चासाठी असेल, तर बूस्टचं मॉड्यूल दुसऱ्या सेलपेक्षा महाग पडतं आणि झोपेतही त्याचा १५-२० मायक्रोअँपचा हप्ता चालू राहतो. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो स्वस्तातला झिंक-कार्बन सेल मात्र इथे नको. क्षमता कमी, आणि उतरला की पाझरून स्प्रिंग खातो.

बटण सेलबद्दल थोडक्यात, कारण तो मोह सगळ्यांना होतो. सीआर२०३२मध्ये सव्वादोनशे एमएएच असतात, पण आतला रोध नव्यातच १०-२० ओहम, आणि वापराबरोबर वाढत जातो. ३० ओहमला पोहोचलेल्या सेलमधून एनआरएफने १२ मिलिअँप ओढले की ०.३६ व्होल्ट तिथेच गळतात. ३०० मिलिअँपचा तर विषयच नको. ईएसपी आणि बटण सेल ही सोयरीक जुळत नाही.

आता तुमच्या चाळीसाठी मी काय करेन ते सांगतो.

नोडएमसीयू प्रोग्रॅम तपासायला घरी ठेवा. चाळीत नुसतं ईएसपी-१२एफ मॉड्यूल लावा, पांढऱ्या अॅडॉप्टर पट्टीवर बसवून. त्या पट्टीमागे रेग्युलेटर असेल तर काढा. 'ईएन' पिनला १० किलोओहम वर (धनाकडे), जीपीआयओ१५ पिनला १० किलोओहम खाली (ग्राउंडकडे), आणि जीपीआयओ१६ रिसेटला जोडलेला, नाहीतर झोपलेला कुंभकर्ण उठणारच नाही. प्रोग्रॅम चढवताना मात्र ही शेवटची जोडणी सोडवा. सोल्डर करून टाकलीत तर पुढच्या वेळी 'अपलोड होत नाही' म्हणून डोकं धराल.

सेल मी बदलेन. तुमचा लिथियम आयन ठेवायचा असेल तर मध्ये एमसीपी१७००सारखा मितभाषी रेग्युलेटर घाला. तो स्वतःसाठी १.६ मायक्रोअँप घेतो, एएमएस१११७च्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतका. एचटी७३३३ही चालतो, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला तो मिळायला सोपा. दोघांची मर्यादा २५० मिलिअँपची आहे, त्यामुळे ईएसपीच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर आणि शेजारी १०० नॅनोचा सिरॅमिक हवाच. झटका कपॅसिटर सोसतो. माझी अशी यंत्रं वर्षानुवर्षं चाललीत.

पण माझी पहिली पसंती लिथियम आयर्न फॉस्फेट सेलला, एलआयएफईपीओ४ लिहिलेला असतो तो. त्याचं नाममात्र व्होल्टेज ३.२, आणि डिस्चार्जचा बहुतेक काळ तो ३.२-३.३लाच चिकटून राहतो. ईएसपी८२६६ची मर्यादा २.५ ते ३.६. म्हणजे रेग्युलेटरच नको, सेल थेट चिपला! एक भाग कमी, त्याची गळती नाही, झटक्याला मध्ये अडथळा नाही. चार्जरवरून काढल्या काढल्या सेल ३.६च्या किंचित वर असू शकतो. तासभर तसाच ठेवला की खाली येऊन स्थिरावतो, मग जोडा. १८६५०च्या आकारात हा सेल १५०० एमएएचच्या आसपास मिळतो. आकडा तुमच्या सेलपेक्षा लहान दिसतो, पण हिशोब पुढे आहे.

एक धोक्याची सूचना. हा सेल टीपी४०५६वर कधीही लावू नका. ते मॉड्यूल ४.२ व्होल्टपर्यंत चढवतं, या सेलला ३.६ पुरे. टीपी५००० चिपच्या मॉड्यूलवर ३.६ची सोय असते, ती निवडून घ्या. आणि तुमच्या टीपी४०५६चं संरक्षण सुमारे २.४ व्होल्टला तोडतं, ते शेवटचं कुंपण समजा. लिथियम आयन तिथपर्यंत नेणं म्हणजे सेलचं आयुष्य कमी करणं. तोडायचं काम प्रोग्रॅमने आधीच करावं: लिथियम आयन ३.२ला आणि फॉस्फेट २.८ला आला की शेवटचा निरोप पाठवून कायमची झोप.

हिशोब. झोपेत सगळं धरून २५ मायक्रोअँप म्हणजे दिवसाला ०.६ एमएएच. दर अर्ध्या तासाने वाचन (चाळीत पंधरा मिनिटांत काही बदलत नाही हो), ४८ वेळा गुणिले ०.११ म्हणजे ५.३. बेरीज ५.९. १५०० एमएएचपैकी ८० टक्केच हाताशी धरले तर १२००, म्हणजे दोनशे दिवस. एप्रिलअखेर लावलात तर दसरा ओलांडून दिवाळी गाठेल. राउटरचा चॅनेल, त्याचा बीएसएसआयडी (राउटरच्या रेडिओचा क्रमांक) आणि स्थिर आयपी पत्ता प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवला तर पाच सेकंदांचं काम साधारण एका सेकंदावर येतं. मग दिवसाचा खर्च दोन एमएएचच्या आत, आणि सेल वर्षभराहून जास्त.

आणि आता ती गोष्ट, जी हा सगळा हिशोब एका रात्रीत उधळू शकते. वीज. गावाकडे लाइट गेली की राउटर बंद. ईएसपी जागा होतो, राउटर शोधतो, सापडत नाही, शोधत राहतो. बहुतेक नमुना प्रोग्रॅममध्ये 'जोडलं जाईपर्यंत थांब' अशीच ओळ असते. ८० मिलिअँपने आठ तास म्हणजे ६४० एमएएच, तुमचा साडेतीन महिन्यांचा शिधा एका रात्रीत! पावसाळ्यात अशा किती रात्री येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आठ सेकंदांत जोडणी झाली नाही तर निमूटपणे परत झोप, ही अट पहिली लिहा. वाचन वाया जायला नको असेल तर ते चिपच्या आरटीसी मेमरीत ठेवा. तिथे तुमच्यासाठी ५१२ बाइट मोकळ्या असतात आणि डीप स्लीपमध्ये त्या पुसल्या जात नाहीत. लाइट आली की साठलेलं सगळं एकदम पाठवा. पुढची पायरी म्हणजे रेडिओ बंद ठेवून जागं व्हायचं, मोजायचं, साठवायचं, आणि वायफाय दोन तासांतून एकदाच. असा शहाणा प्रोग्रॅम लिहायला एक रविवार जातो, पण मोठा सेल घेण्यापेक्षा त्याने जास्त मिळतं.

सेन्सर बदला. डीएचटी११ला ३ व्होल्ट लागतात आणि त्याची आर्द्रतेतली चूक ५ टक्के इकडे-तिकडे. चाळीत तुम्हाला ६५ ते ७० टक्क्यांचा पट्टा सांभाळायचा असतो. पट्टाच पाच टक्क्यांचा आणि मापात चूक पाचची, मग मोजून काय उपयोग? बीएमई२८० घ्या: १.७१ ते ३.६ व्होल्ट, झोपेत ०.१ मायक्रोअँप. घेताना डोळे उघडे ठेवा. त्याच्या नावाखाली बीएमपी२८० सर्रास विकला जातो आणि तो आर्द्रता मोजतच नाही. बीएमईची धातूची टोपी चौरस असते, बीएमपीची किंचित लांबट. खात्री करायची तर चिपचा आयडी वाचा, बीएमई ०x६० सांगतो आणि बीएमपी ०x५८.

सेलचं व्होल्टेज मोजायला दोन रेझिस्टरचा डिव्हायडर लावला असेल तर तोही तपासा. १००-१०० किलोओहमची जोडी ४.२ व्होल्टला दिवसरात्र २१ मायक्रोअँप पिते, म्हणजे झोपलेल्या चिपइतकंच. सेल थेट जोडला असेल तर डिव्हायडरची गरजच नाही. ईएसपी८२६६ स्वतःचं पुरवठा व्होल्टेज आतून वाचू शकतो. मात्र फॉस्फेट सेलचा आलेख इतका सपाट असतो, की व्होल्टवरून किती टक्के उरलं ते कळत नाही. ३.०च्या खाली सरकला म्हणजे दिवस भरत आले, एवढंच समजतं. मी जागं होण्याची मोजणी ठेवतो, त्यावरून अंदाज बरा येतो.

जोडणी झाल्यावर झोपेतला करंट मोजल्याशिवाय डबी बंद करू नका. मीटरच्या मायक्रोअँप रेंजमध्ये थेट लावलंत तर मीटरच्या आतल्या रोधामुळे ईएसपी सुरूच होणार नाही, आणि तुम्हाला वाटेल सर्किट मेलं. सेलच्या धन तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, त्याला समांतर एक साधा स्विच. स्विच बंद म्हणजे जोडलेला ठेवून सुरू करा, ईएसपी झोपला की स्विच उघडा आणि रेझिस्टरवरचे व्होल्ट वाचा. २० मिलिव्होल्ट म्हणजे २० मायक्रोअँप, डोक्यात हिशोबच नको. स्विच उघडताच सगळं मरून पडलं तर कुठेतरी मिलिअँपमध्ये गळती आहे असं समजा. पुन्हा उठायच्या आत स्विच लावायला विसरू नका.

बाकी किरकोळ, पण चाळीत हीच नडतात. स्प्रिंगवाला सेल होल्डर दमट हवेत गंजतो आणि तिथेच काही दशांश ओहम वाढतात. पट्टी वेल्ड केलेले सेल मिळतात ते घ्या, सेलवर स्वतः सोल्डरिंगची गन टेकवू नका. बारीक जंपर वायर पुरवठ्यासाठी नकोत. 'एमएएच ९८००' छापलेला १८६५० दिसला तर हात जोडून पुढे चला; या आकारातले खरे सेल बहुतेक साडेतीन हजारांच्या आसपासच थांबतात, आणि खरा लिथियम आयन सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. किराणा दुकानातल्या काट्यावरही भामटा ओळखता येतो.

आणि डबी पत्र्याला टेकवून लावू नका. मे महिन्यात पत्र्याखाली सेल भाजून निघतो, शिवाय सेन्सर पत्र्याचं तापमान सांगत बसतो, कांद्याचं नाही. थराच्या मध्यावर, बांबूच्या जाळीच्या आतल्या बाजूला, सेन्सर तारेने फूटभर बाहेर काढून. आयस्क्वेअरसीची (सेन्सर आणि चिपमधल्या जोडणीची) तार त्याहून फार लांबवायची झाली तर आधी सांगा, त्याला वेगळे पुल-अप रेझिस्टर लागतील आणि मग वरचा झोपेचा हिशोबही पुन्हा बघावा लागेल.